नव्या नाकाची जाहिरात आणि पुढचे न छापलेले वर्ष

मा. संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

लग्नसराई जवळ आली की आपल्या दैनिकाच्या पुरवणीत दागिने आणि मंगल कार्यालये यांच्या जाहिरातींशेजारी आता नाक घडवून देणाऱ्या क्लिनिकच्याही जाहिराती दिसू लागल्या आहेत. गेल्या महिन्यात छापून आलेल्या अशाच एका जाहिरातीत आधीच्या आणि नंतरच्या नाकाची छायाचित्रे होती, पाऊण तासाच्या शस्त्रक्रियेचा उल्लेख होता, हप्त्यांची सोय होती आणि चौथ्या दिवशी कामावर रुजू होता येईल असे आश्वासन होते; नाकात नेमके काय बसवणार, ते कशाचे बनलेले असते आणि ते बसवल्यावर पुढचे वर्ष कसे जाते, याविषयी मात्र एक ओळही नव्हती. ती न छापलेली ओळ जरा विस्ताराने लिहावी, एवढ्यासाठी हे पत्र.

मी सेवानिवृत्त परिचारिका आहे. एकतीस वर्षांच्या नोकरीतली चौदा वर्षे प्लॅस्टिक सर्जरीच्या थिएटरमध्ये आणि वॉर्डात गेली. नाक सुंदर करून घेण्याच्या इच्छेला नावे ठेवणाऱ्यांपैकी मी नाही. ज्या समाजात स्थळांच्या वर्णनात ‘नाकीडोळी नीटस’ हे शब्द पिढ्यान्‌पिढ्या वापरले गेले आणि नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्ने येतात ही म्हण हसत हसत सांगितली गेली, त्या समाजाने मुलींना ‘नाकाचा कसला एवढा विचार करता’ म्हणून दटावणे ढोंगीपणाचे आहे. अपघातात मोडलेली, दुभंगलेल्या ओठामुळे जन्मतःच वाकडी असलेली, कुष्ठरोगाने आतला पडदा झिजून खोगिरासारखी बसलेली नाके मी पाहिली आहेत, आणि ती पुन्हा उभी राहिल्यावर माणसे आरशासमोरून हलत नाहीत तेही पाहिले आहे. कोणी केवळ हौसेपोटी शस्त्रक्रिया करून घेतली, तरी माझी हरकत नाही. हरकत आहे ती अर्धवट माहितीवर सही घेण्याला.

माझ्या भाचीचे नाक मुळात बसके. लग्नाची तारीख ठरली आणि साखरपुड्याचे फोटो पाहून तिने एका क्लिनिकमध्ये चौकशी केली. तिथे तिला डॉक्टर भेटलेच नाहीत. भेटल्या त्या समुपदेशक म्हणवणाऱ्या एक बाई. त्यांनी संगणकावर तिच्या फोटोतले नाक सरळ आणि उंच करून दाखवले, आत ‘छोटासा तुकडा’ बसवायचा आहे एवढेच सांगितले आणि लग्नाच्या अठरा दिवस आधीची तारीख दिली. आगाऊ रक्कम भरून झाल्यावर तिने मला फोन केला. तोवर तिच्या नाकपुडीत कोणी बॅटरीचा प्रकाश टाकूनही पाहिले नव्हते.

त्या ‘छोट्याशा तुकड्या’विषयी आधी लिहिते. बसक्या नाकाचा कणा उंच करायचा तर त्वचेखाली काहीतरी ठेवावे लागते, आणि ते एक तर कारखान्यात तयार झालेले असते किंवा शरीरातून घेतलेले. कारखान्यातल्या साहित्यात घन सिलिकॉन सर्वांना माहीत असलेले. कोरियात आणि एकूणच पूर्व आशियात त्याचा वापर फार होतो. ते हवे तसे कोरता येते, आणि शरीर त्यात शिरत नाही, त्याच्याभोवती फक्त एक पातळ पिशवी तयार करते. हाच त्याचा गुण आणि हाच दोष. काढायची वेळ आली तर ते सहज निघते, पण त्याच कारणाने ते सरकू शकते, एका बाजूला कलू शकते, आणि भोवतालची पिशवी आकसली तर तिच्याबरोबर नाकही आखडते. गोअर-टेक्स या नावाने ओळखल्या जाणाऱ्या साहित्याला सूक्ष्म छिद्रे असतात आणि मेडपोर नावाच्या सच्छिद्र पॉलिएथिलीनला त्याहून मोठी. त्या छिद्रांत आजूबाजूचे मांस रुजते, त्यामुळे तुकडा जागचा हलत नाही. मात्र पुढे काही बिघडले तर तो काढणे हे सर्जनसाठीही जिकिरीचे काम होते, कारण तो आपल्याबरोबर भोवतालचेही ओढून आणतो.

या सगळ्या साहित्यांत समान असलेला धोका जंतुसंसर्गाचा. निर्जीव वस्तूच्या पृष्ठभागावर जंतू एकदा चिकट थर करून बसले की गोळ्या-इंजेक्शनातले औषध त्यांच्यापर्यंत नीट पोहोचत नाही, आणि बहुतेक वेळा तो तुकडा काढून टाकण्यावाचून गत्यंतर उरत नाही. काढल्यावर नाक पूर्वीसारखे होते असेही नाही. आतला व्रण आकसून शेंडा वर ओढला जातो आणि नाक आखूड दिसू लागते. शिवाय हे सारे पहिल्या महिन्यातच घडेल असा नियम नाही. आमच्या वॉर्डात एक बाई आल्या होत्या, त्यांनी चार वर्षांपूर्वी दुसऱ्या शहरात नाक करून घेतले होते. शेंड्यावर एक लाल ठिपका आला होता आणि मुरूम समजून त्या दोन महिने मलम लावत होत्या. तो मुरूम नव्हता. आतल्या तुकड्याचे टोक त्वचा पातळ करत करत वर आले होते. कण्यापासून शेंड्यापर्यंत इंग्रजी ‘एल’च्या आकाराचा अखंड तुकडा बसवला की शेंड्यावर सतत दाब राहतो, म्हणून पुष्कळ सर्जन आता कृत्रिम तुकडा फक्त कण्यापुरता ठेवतात आणि शेंड्यासाठी कानाची कूर्चा वापरतात.

कूर्चा म्हणजे कानाच्या पाळीच्या वर हाताला लागते ती लवचीक, हाडासारखी वस्तू. ती नाकाच्या मधल्या पडद्यातून, कानातून किंवा बरगडीतून घेता येते. ती स्वतःची असल्याने शरीर तिला परके मानत नाही आणि संसर्गाचा धोका बराच कमी होतो. पण म्हणून ती फुकटात मिळते असे नव्हे. पडद्यात आणि कानात ती थोडीच असते. नाक बऱ्यापैकी उंच करायचे तर बरगडीकडे जावे लागते, म्हणजे छातीवर आणखी एक छेद, कित्येक दिवस खोकताना-हसताना कळ, आणि क्वचित फुप्फुसाच्या आवरणाला इजा होण्याची शक्यता. बरगडीची कूर्चा काही महिन्यांत वाकडीही होऊ शकते, काही वेळा थोडी विरघळते. वय वाढल्यावर ती हाडासारखी कडक होते आणि कोरायला अवघड जाते. तात्पर्य, निर्धोक पर्याय यात कोणताच नाही; कोणता धोका आपल्याला पत्करायचा आहे एवढेच ठरवता येते, आणि ते ठरवण्याचा अधिकार ज्याचे नाक आहे त्याचा आहे, समुपदेशक बाईंचा नाही.

शस्त्रक्रिया न करता इंजेक्शनने नाक उंच करून देतो असे सांगणारेही आहेत. नाकाच्या आसपासच्या रक्तवाहिन्या डोळ्याच्या रक्तवाहिन्यांशी जोडलेल्या असतात आणि इंजेक्शनातला पदार्थ चुकून त्यांत गेला तर त्वचा काळी पडून मरते, दृष्टीही जाऊ शकते. ब्यूटी पार्लरमध्ये करण्याची ही गोष्ट नव्हे, इतके सांगून पुढे जाते.

आता बरे होण्याविषयी. या बाबतीत आपला वारसा जुना आहे आणि त्या वारशातही घाई कुठे दिसत नाही. सुश्रुतसंहितेत गालाच्या त्वचेपासून नाक करण्याची कृती आहे आणि नवे नाक बुजू नये म्हणून दोन्ही नाकपुड्यांत एरंडाच्या नळ्या घालून ठेवायला सांगितले आहे. आज आम्ही त्या जागी सिलिकॉनच्या पट्ट्या किंवा नळ्या ठेवतो. टिपूबरोबरच्या 1792च्या युद्धात इंग्रजांच्या फौजेकडे बैल हाकणारा कावसजी नावाचा मराठा शेतकरी पकडला गेला आणि टिपूच्या लोकांनी त्याचे नाक व एक हात कापला. पुढे पुण्याजवळच्या एका कारागिराने कपाळाची त्वचा वळवून त्याला नवे नाक करून दिले. त्याची हकिगत ऑक्टोबर 1794मध्ये लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझीन’मध्ये छापून आली, तीही संपादकांना लिहिलेल्या पत्राच्या रूपात, आणि त्यातून स्फूर्ती घेऊन जोसेफ कार्प्यू या सर्जनने 1814 साली लंडनमध्ये ती शस्त्रक्रिया केली. ‘जंटलमन्स मॅगझीन’मधल्या त्या पत्रात मला सर्वांत जवळची वाटते ती नंतरच्या शुश्रूषेची नोंद : टाके न घालता पाण्यात भिजवलेल्या काताच्या कापडी पट्ट्या लावायच्या, रोग्याला पाच-सहा दिवस उताणे निजवायचे, दहाव्या दिवशी नाकपुड्यांत मऊ कापडाच्या वाती घालायच्या आणि कपाळाशी जोडून ठेवलेला त्वचेचा पट्टा सुमारे पंचविसाव्या दिवशी तोडायचा. पेशवाईतल्या त्या अनाम कारागिराने आपल्या रोग्याला चौथ्या दिवशी बैल हाकायला पाठवले नव्हते.

आजची शस्त्रक्रिया साधारणतः पूर्ण भूल देऊन होते आणि काम किती आहे त्यावर दोन-तीन तास किंवा अधिकही चालते. शुद्धीवर आल्यावर रोग्याला पहिला धक्का बसतो तो वेदनेचा नव्हे, श्वासाचा. नाक आतून सुजलेले आणि भरलेले असते, तोंडाने श्वास घ्यावा लागतो, घसा कोरडा पडतो, रात्रभर पाण्याचे घोट घेत बसावे लागते. नाकाखाली बांधलेली पट्टी पाझराने भिजते आणि बदलावी लागते. सूज दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सर्वाधिक असते. नाकाची हाडे हलवली असतील तर डोळ्यांभोवती काळेनिळे होते, कोणाकोणाचे डोळे जवळजवळ मिटतात, मग तो रंग हिरवट-पिवळा होत गालावर उतरतो आणि दहा ते चौदा दिवसांत फिका पडतो. डोके उशांवर उंच ठेवून निजायचे, बर्फाचा शेक गालांना आणि डोळ्यांना द्यायचा, नाकावर ठेवायचा नाही. तिसऱ्या-चौथ्या दिवशी पुष्कळ जण विनाकारण रडतात. ‘आपण हे का करून घेतले’ हा प्रश्न मी इतक्या उशांशेजारी ऐकला आहे की तोही बरे होण्याचाच एक टप्पा आहे असे मी नातेवाइकांना आधीच सांगून ठेवत असे.

नाकावरचे प्लॅस्टर किंवा पट्टी सुमारे आठवड्याने निघते. जाहिरातीतल्या छायाचित्राची आशा धरून बसलेल्यांची खरी निराशा त्या दिवशी होते, कारण पट्टीखालून जे बाहेर येते ते रुंद, सुजलेले, शेंड्याला उचललेले नाक असते. बैठे काम दहा-चौदा दिवसांनी करता येते. धावणे, व्यायाम, पाण्याची बादली उचलणे, खाली वाकून घर पुसणे ही कामे तीन-चार आठवडे बंद. दोन आठवडे तरी नाक शिंकरायचे नाही, आणि शिंक आलीच तर तोंड उघडे ठेवून द्यायची. शेंडा बधिर राहतो, वरचा ओठ ताठ होतो, हसू काही आठवडे आपले वाटत नाही. बरीचशी सूज एक-दोन महिन्यांत उतरते, पण शेंड्याची शेवटची सूज जायला वर्ष लागते, आणि आपल्याकडच्या जाड, तेलकट त्वचेत त्याहूनही जास्त. म्हणूनच काही सुधारायचे राहिले असले तरी प्रामाणिक सर्जन वर्षभराच्या आत पुन्हा हत्यार लावत नाहीत. ताप येणे, एका बाजूची सूज किंवा लाली वाढत जाणे, दुर्गंधी, पू, न थांबणारे ताजे रक्त किंवा शेंड्याची त्वचा काळवंडणे यांपैकी काही दिसले तर मात्र दुसऱ्या दिवशीच्या वेळेची वाट न पाहता रुग्णालय गाठायचे असते.

मराठी घरात या यादीला आणखी काही पुरवण्या जोडाव्या लागतात, ज्या छापील सूचनापत्रात सहसा नसतात. चापाची नथ नाकपुडी चिमटते आणि टोचलेल्या नाकात मोत्यांची जड नथ ती खाली ओढते. दोन्ही, सर्जन हो म्हणेपर्यंत, डबीतच बऱ्या. लग्नाआधी अठरा दिवस शस्त्रक्रिया केलेल्या नवरीच्या बधिर नाकावर सात बायका हळद चोळणार, हे त्या क्लिनिकच्या हिशेबात आले नव्हते. चष्मा महिना-दीड महिना नाकावर टेकवायचा नाही. तो कपाळाला चिकटपट्टीने टांगावा लागतो आणि फार विचित्र दिसतो. तोंड पूर्ण झाकणारे हेल्मेट चढवताना-उतरवताना नाकावरून घासत जाते, म्हणून स्कूटरवरच सगळी कामे करणाऱ्यांनी दुसऱ्या कोणाची तरी सोय पाहावी. नाक चोंदले म्हणून घरची मोठी माणसे वाफारा द्यायला निघतात, त्यांना अडवावे. वाफेने सूज आणि रक्तस्राव वाढतो आणि बधिर त्वचा भाजली तरी कळत नाही. जलनेतीची सवय असणाऱ्यांनी ती थांबवून डॉक्टरांनी दिलेला मिठाच्या पाण्याचा फवारा तेवढा वापरावा.

आणि मिश्री. ‘धूम्रपान करता का’ या प्रश्नाला वॉर्डातल्या बायका ठामपणे नाही म्हणत, आणि सकाळी दात घासायला मिश्रीची डबी काढत. तंबाखू कोणत्याही वाटेने शरीरात गेली तरी त्यातले निकोटीन बारीक रक्तवाहिन्या आकसवते आणि ताणलेल्या त्वचेचा रक्तपुरवठा कमी करते. ती शस्त्रक्रियेच्या काही आठवडे आधी आणि नंतर पूर्ण बंद हवी. ॲस्पिरिन, आयबुप्रोफेन, लसणाच्या गोळ्या, वैद्यांची चूर्णे यांतले जे काही चालू असेल ते भूल देणाऱ्या डॉक्टरांना सांगावे, मात्र हृदयविकारासाठी दिलेली ॲस्पिरिन आपल्या मनाने कधीही थांबवू नये.

पैशांचे थोडक्यात. सौंदर्यासाठी केलेली शस्त्रक्रिया आरोग्य विम्यात बसत नाही आणि तिच्यावर 18 टक्के जीएसटी लागतो. जन्मजात व्यंग किंवा अपघात यांमुळे केलेल्या पुनर्रचनेला त्या करातून सूट आहे. जाहिरातीतल्या रकमेत भूल, रुग्णालय, इम्प्लांट, तपासण्या आणि गरज पडल्यास दुसरी शस्त्रक्रिया यांतले काय धरले आहे ते लेखी घ्यावे.

संमतीपत्राबाबत सर्वोच्च न्यायालयाने 2008मध्ये समीरा कोहली यांच्या खटल्यात स्पष्ट केले आहे की उपचाराचे स्वरूप, पर्याय आणि मोठे धोके रुग्णाला पुरेसे समजावून सांगितल्याशिवाय घेतलेली संमती ही खरी संमती नव्हे, आणि एका शस्त्रक्रियेसाठी दिलेली संमती दुसरीला लागू होत नाही. वैद्यकीय परिषदेच्या 2002च्या आचारनियमांनी डॉक्टरांना रुग्णांची मनधरणी करणाऱ्या जाहिराती करण्यास मनाई केली आहे. क्लिनिकच्या नावाने जाहिरात देऊन त्या नियमाला बगल दिली जाते, हे आपणही जाणताच. निदान शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरचे नाव, पदवी आणि वैद्यकीय परिषदेचा नोंदणी क्रमांक नसलेली जाहिरात आपल्या दैनिकाने स्वीकारू नये, अशी माझी विनंती आहे.

भाचीने ती तारीख रद्द केली. भरलेल्या रकमेतली निम्मी परत मिळाली. तिचे लग्न तिच्या मूळच्या नाकाने आणि तिच्या आजीच्या नथीने झाले. त्यानंतर पाच महिन्यांनी तिने दुसऱ्या एका सर्जनकडे शस्त्रक्रिया करून घेतली. त्यांनी पहिल्याच भेटीत नाक आतून तपासले, पडदा डावीकडे वाकलेला असल्याचे दाखवले आणि रात्री तोंड उघडे टाकून झोपायची तिची सवय कशामुळे आहे ते तिला तेव्हा कळले. बरगडीची कूर्चा घ्यायची की कृत्रिम तुकडा बसवायचा, हा निर्णय तिने पंधरा दिवस विचार करून घेतला आणि बरगडी निवडली. तीन आठवडे ती छातीशी उशी धरून खोकत होती. आता आठवा महिना आहे, सकाळी शेंडा अजून थोडा सुजलेला असतो, आणि ती फोटो काढू देत नाही.

कृत्रिम तुकडा निवडणाऱ्यांसाठी थिएटरमधली एक गोष्ट सांगायची राहिली. इम्प्लांटच्या पाकिटात साहित्याचे नाव, कंपनी, माप आणि बॅच क्रमांक छापलेल्या सुट्या चिकट चिठ्ठ्या असतात. एक केसपेपरवर लावायची आणि एक रुग्णाला द्यायची, अशी आमची पद्धत होती, पण रुग्ण स्वतःहून ती कधी मागत नसत. शेंड्यावर लाल ठिपका घेऊन आलेल्या त्या बाईंकडे ना चिठ्ठी होती, ना कोणता कागद. रुग्णाने मागितल्यास 72 तासांत नोंदी द्याव्यात असा नियम आहे, पण त्या तीन वर्षे जपण्याचे बंधन असते आणि त्यांची तीन वर्षे उलटून गेली होती. आत सिलिकॉन आहे की सच्छिद्र साहित्य, यावर पुढची सगळी आखणी अवलंबून होती, म्हणून आमच्या सरांनी त्यांना विचारले की नाकात काय बसवले आहे. बाईंनी बराच वेळ आठवून पाहिले आणि म्हणाल्या, “छोटासा तुकडा आहे, एवढंच सांगितलं होतं.”

आपली विश्वासू,
एक सेवानिवृत्त परिचारिका, सांगली